दगडावरची ओळ बदलायला राजूरला

फोन आला तेव्हा मी गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त माणसाला घरात दोनच कामं मिळतात, मेथी निवडणं आणि सिलिंडरवाल्याची वाट पाहणं. सिलिंडर आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं.

"माधवराव साहेब बोलून राह्यले काय?" पलीकडचा आवाज म्हातारा होता आणि दर चार शब्दांनी दम घेत होता. "मी शामराव. राजूर कॉलरीचा. मिलिंदचा बाप. कचेरीत पुसलं तं तुमचं नाव भेटलं."

मला खरंच काही आठवेना. कचेरीत उभी हयात गेली, शेकडो शामराव भेटले. मी आपलं "हो हो, बोला ना" असं म्हणून वेळ काढला. ते त्यांनी ओळखलं असावं.

"तुमी लिवलेली ओळ आता ग्रॅनाइटवर चढून राह्यली जी. त्याच्याआधी एकदा येऊन जा."

ओळ म्हटल्यावर मात्र आठवलं, आणि हातातली काडी हातातच राहिली.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे आम्ही हिवाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचं सोडून कोळशाच्या गावी का गेलो ते कळेल. मी जिल्हा कचेरीत अव्वल कारकून होतो आणि माझं मराठी बरं आहे असा तिथे समज होता. कुणाचा निरोप असो, सत्कार असो की शोकसभा, मजकूर माझ्याकडे यायचा. दोन हजार एकच्या डिसेंबरात, तेरा तारखेला, दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. पहारेकरी मारले गेले, तिथल्या बागेत काम करणारा एक माळीही गेला. आमच्या कचेरीत दुपारचे डबे तसेच उघडे राहिले. सगळ्यांचं रक्त तापलं होतं आणि माझं जरा जास्तच. आता आरपारची लढाई झालीच पाहिजे, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. लढाई मात्र झाली नाही. सैन्य दहा महिने सीमेवर समोरासमोर उभं राहिलं आणि परत फिरलं. आम्हीही हळूहळू क्रिकेटकडे वळलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात राजूरचा मिलिंद नावाचा जवान राजस्थानच्या सीमेवर मरण पावला. साहेब म्हणाले, माधवराव, मजकूर द्या, शोकसभेला दुपारी गाडी निघते. माझ्या फाइलीत कारगिलच्या वेळचा एक मसुदा होता. मी त्यातलं नाव खोडलं, गाव खोडलं, मिलिंदचं नाव घातलं आणि टायपिंगला दिला. त्यात एक ओळ होती, 'शत्रूशी लढताना वीरमरण'. ती भाषणात वाचली गेली, दुसऱ्या दिवशी पेपरात आली आणि काही महिन्यांनी वस्तीतल्या चौकातल्या दगडावर कोरली गेली. तो कसा गेला हे मी कुणाला विचारलं नाही. ज्या सालात लढाईच नव्हती त्या सालात हा कोणत्या शत्रूशी लढला, एवढाही प्रश्न मला पडला नाही.

सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सगळं सांगितलं. ती जिल्ह्यातल्या दवाखान्यांत तीस वर्षं परिचारिका होती, तिला कशाचं फार आश्चर्य वाटत नाही. ती म्हणाली, "चला मग. मेथी फ्रिजात ठेवते."

अकरा डिसेंबर: यवतमाळ ते राजूर

सकाळी सातला निघालो. यवतमाळहून वणीकडे जायचं तर जोडमोहा, मोहदा, करंजी, मारेगाव हा सरळ रस्ता. सव्वाशेच्या आतच किलोमीटर आहेत, पण तीन तास धरून चाला, कारण मारेगावनंतर कोळशाचे ट्रक रस्ता आपल्या मालकीचा समजतात. डिसेंबरात हा प्रवास सुंदर आहे. दोन्ही बाजूंना तुरी कमरेच्या वर आलेल्या असतात आणि कापसाच्या गाड्या गेलेल्या रस्त्यावर बाभळींना बोंडभर कापूस अडकलेला दिसतो. सकाळचं धुकं नऊपर्यंत उतरत नाही, तेव्हा दिवे लावूनच चालवा.

करंजीला मोठा महामार्ग आडवा येतो. तिथे थांबून आलूबोंडा खाल्लाच पाहिजे. बोंडा फोडून त्यावर चण्याचा झणझणीत रस्सा आणि वर कच्चा कांदा. दोघांचं चहासकट शंभराच्या आत झालं. शेजारच्या बाकावर दोन गृहस्थ मोबाइलवर कुठल्याशा चॅनलची चर्चा मोठ्या आवाजात पाहत होते. तोफांची चित्रं, लाल अक्षरं, सगळं होतं.

"एकदाचं घुसून टाकाले पायजे," पहिला म्हणाला.

"तू जाशीन काय?"

"माहा गुडघा खराब हाये ना बाप्पा."

सुनंदा माझ्याकडे पाहून हसली. तिने काही बोलायची गरज नव्हती. माझे तर गुडघेही तेव्हा खराब नव्हते, तरी मी गेलो नव्हतो.

राजूर वणीच्या अलीकडेच, रस्ता सोडून थोडं आत आहे. खाणीमुळे लोक त्याला राजूर कॉलरी म्हणतात. इथे कोळसाही आहे आणि चुन्याच्या भट्ट्याही, त्यामुळे एका वळणावर झाडं काळी आणि पुढच्या वळणावर पांढरी दिसतात. पर्यटनस्थळ नाही, खोटं कशाला सांगू. पण एवढ्याशा गावात देशभरातली माणसं आहेत. चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी, तेलुगू एका दमात ऐकायला मिळतात.

शामराव काकांचं घर वस्तीच्या टोकाला आहे. समोर अंगण, अंगणात सदाफुली, आत शेल्फावर बुद्धमूर्ती आणि तिच्या बाजूला वर्दीतल्या मिलिंदचा फोटो. काका ऐंशीच्या घरात असावेत. छातीत कोळशाची धूळ बसलेली, त्यामुळे बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागतं. मी वाकून नमस्कार केला आणि लगेच सांगून टाकलं की त्या दिवशी मी जुन्या कागदावरचं फक्त नाव बदललं होतं. गाडीत मी यासाठी मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातला एकही शब्द तोंडातून निघाला नाही.

काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "बसा जी. पानी घ्या आधी."

मग त्यांनी त्यांच्या कामाबद्दल सांगितलं. ते खाणीत बारूदवाले होते. कोळशाच्या भिंतीत भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, सगळ्यांना मागे घ्यायचं आणि उडवायचं, हे त्यांचं काम. 

"दहा भोकं भरले तं दहा आवाज मोजाचे," ते बोटं उघडून दाखवत म्हणाले. "नऊ आले तं कोनी आत जायचं नाही. पाळी गेली तं जाऊ दे, मॅनेजर बोंबलला तं बोंबलू दे. थांबाचं. जे नाही फुटलं ते आतच हाये. मिलिंद लहानपनी माह्या मांडीवर बसून हेच आयके. दिवाळीत फटाक्याच्या लडीचे आवाज मोजे."

"मग तो तिकडे काय करत होता, काका?" सुनंदाने विचारलं.

"सुरुंग काढून राह्यला होता. आपलेच होते, बाई. लढाई होनार म्हनून मान्साईच्या वावरात पेरले होते. लढाई नाही झाली. मंग ते काढा लागत होते." त्यांनी दम घेतला. "पत्रात लिवून आलं, अपघात. खाणीत अपघात कवा होते, मले मालूम हाये. कोनी मोजल्याबिगर आत गेला का होते."

तेव्हा मला कळलं की या माणसाला काय खातंय. वीस-बावीस वर्षं शामराव काका असं धरून चालले होते की आपला मुलगा आपण शिकवलेली एकमेव गोष्ट ऐन वेळी विसरला. चौकात दर तेरा डिसेंबरला त्याच्या दगडाला हार पडत होते, लोक जयजयकार करत होते आणि बाप मनात एकच हिशेब मांडत उभा राहत होता.

जुना दगड ट्रकच्या धक्क्याने तडकला होता. वस्तीतल्या स्मारक समितीने नवा काळा ग्रॅनाइट आणला होता, नाव आणि तारखा कोरून झाल्या होत्या, फक्त ती ओळ बाकी होती. काकांनी कारागिराला थांबवलं होतं. समितीला जुनीच ओळ हवी होती आणि वेळ होता तेरा तारखेपर्यंत.

"लक्ष्मन म्हनून एक जोडीदार होता त्याचा, कोलाम आदिवासी हाये, झरीकडचा," काका म्हणाले. "मिलिंदच्या पत्रात त्याचं नाव राहे. तो कवाच आला नाही माह्याकडे. तुमच्यापाशी गाडी हाये. जाऊन पुसून या, मोजलं होतं काय म्हना. मंग ओळ लिवा."

"तुम्हीच चला की काका. गाडीत जागा आहे."

"बापाले कोन खरं सांगते जी?"

बारा डिसेंबर: वणी, मुकुटबन, झरी

रात्री वणीला मुक्काम केला. स्टँडजवळ साध्या खोल्या मिळतात, गरम पाण्याची बादली मागितली की येते. सकाळी निघताना गाडीत तेल भरून घ्या, पुढे जंगलाकडे वळलं की पंपाच्या भरवशावर राहू नका. वणी ते मुकुटबन रस्ता रुंद आहे पण कोळसा आणि सिमेंट दोन्ही त्याच रस्त्याने वाहतात. मुकुटबन मोठं गाव आहे, रेल्वे आहे, बाजार चांगला भरतो. तिथे सुनंदाने सांबार घेतला. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, उगाच इडली शोधू नका.

मुकुटबन सोडून झरी जामणीकडे निघालं की ट्रक मागे राहतात आणि साग सुरू होतो. मोबाइलची रेंज जाते. रस्ता अरुंद, मध्येच उखडलेला, पण इतका शांत की काच खाली करून पाखरं ऐकत जाता येतं. मला मात्र त्या दिवशी पाखरांत लक्ष नव्हतं. मी नोकरीत असताना लोकांना चौकशीला बोलवायचो, आज पहिल्यांदाच स्वतः चौकशीला निघालो होतो.

लक्ष्मणचं घर तिसऱ्यांदा विचारल्यावर सापडलं. पन्नाशीच्या आतबाहेरचा सडपातळ माणूस, शेतातून विळा घेऊन येत होता. राजूरचं नाव काढल्याबरोबर तो थबकला. मग त्याने विळा कुडात खोचला, खाट टाकली आणि बायकोला कोलामीत काहीतरी सांगितलं. आत चूल पेटल्याचा आवाज आला.

मी काकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मोजलं होतं का त्याने?

लक्ष्मण खाटेच्या कडेला टेकला. "मोजलं होतं," तो म्हणाला. "म्हनूनच तं गेला."

पुढचं त्याने सावकाश सांगितलं. मी मध्ये एकदाही बोललो नाही, हे सुनंदाच्या मते आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

"पेरले तवा घाई होती जी. उद्या लढाई होते का परवा, असं चाललं होतं. नकाशे केले होते, रांगा होत्या, एका रांगेत किती तेही लिवलं होतं. पन वाळू चालते. नकाशा जागच्या जागी राह्यते आन वाळू चालते. काढाले गेलो तं एखादा हातभर खाली, एखादा दहा पावलं तिकडे. तारेच्या पल्याड एक म्हातारा रोज येऊन उभा राहे. त्याचंच वावर होतं ते. बाजरी पेराची होती त्याले. मिलिंदले पुसे, कब होगा बेटा? मिलिंद म्हने, बारिश के पहले."

"मग?" सुनंदाने विचारलं.

"एका रांगेत एक कमी भरला. सगळी रांग पुन्हा पाह्यली, नाही भेटला. वाळूत गेला असन, असं समजून पुढं जाता आलं असतं. कोनी काही म्हटलं नसतं. मिलिंद म्हने, माहा बाप एक आवाज कमी आला तं अख्खी पाळी बाहेर उभी ठेवते. हा बुढा उद्या नांगर घेऊन येईन, त्याले काय सांगू? त्या दिवशी वारं होतं, म्हनून थांबला. सकाळी वारं पडलं, परवानगी घेतली, सगळ्याइले मांगं पाठवलं आन एकटा गेला." लक्ष्मणने तळहाताने मान पुसली. "जो कमी होता तो भेटला त्याले."

थाळ्या आल्या. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, पातळ भाजी, वर कच्चं तेल. हिवाळ्यात या भागात आलात आणि ही भाजी न खाता गेलात तर येण्यात अर्थ नाही. आम्ही जेवलो, कारण न जेवणं हा त्या घराचा अपमान झाला असता.

"हे तुम्ही काकांना का नाही सांगितलंत?" सुनंदाने विचारलं. "ते वाट पाहत राहिले."

"गेलतो ना, ताई. पहिल्या सुट्टीत गेलतो राजूरले. चौकात दगड दिसला, फुलं होती. शत्रूशी लढताना, असं लिवलं होतं. मले वाटलं घरच्याइनं हेच मनात धरलं हाये. लोक मान देऊन राह्यले. आपन कायले मोडाचं? तिथूनच वापस आलो."

मी भाकर थाळीत ठेवली. म्हणालो, "ती ओळ घरच्यांची नव्हती. ती मी लिहिली. काही माहीत नसताना लिहिली."

लक्ष्मणने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "असं हाये होय." आणि मग माझ्या थाळीत अजून भाजी वाढायला बायकोला सांगितलं.

उद्या राजूरला या, असं सुनंदा त्याला निघताना म्हणाली. त्याने उकडायला तुरीच्या शेंगांची पिशवी भरून दिली. लढाई होईल असं त्यांना तेव्हा वाटत होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाही झाली तं लय खुशी झाली होती, आता घरी जातो म्हनून. मंग मिलिंद गेला. आता टीव्हीवर लोक लढाई मांगतात तं मी उठून ढोराइकडे जातो."

परतीच्या रस्त्यावर मी गाडी हळू चालवत होतो. माझी अडचण अशी होती की काकांना सांगायचं तरी काय. मुलगा विसरला नव्हता, हे खरं. पण त्यांनी शिकवलेल्या मोजणीनेच त्याला परत आत नेलं, हेही खरं. मी म्हटलं, पहिलं तेवढं सांगावं, दुसरं राहू द्यावं, म्हातारा माणूस आहे.

सुनंदाने समोरच पाहत उत्तर दिलं. "एकदा आपल्या मनाने गोड करून लिहिलंत, त्यामुळे काका आणि लक्ष्मण यांची गाठ पडली नाही. आता जसं ऐकलंत तसं सांगा."

मुकुटबनला चहा घेतला आणि गाडी राजूरकडे काढली.

राजूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. काका अंगणात खुर्चीवर बसलेले होते, दुपारपासून तिथेच होते असं शेजारणीने सांगितलं. मी खाली पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, वाळू, नकाशा, तारेपलीकडचा म्हातारा, कमी भरलेला एक.

"म्हंजे मोजलं होतं," काका म्हणाले.

"मोजलं होतं."

"पन म्या त्याले थांबाचं बी शिकवलं होतं."

"थांबला होता, काका. वारं पडेपर्यंत थांबला. सगळ्यांना मागे पाठवलं आणि मग गेला."

त्यांनी मान हलवली. "बरोबर केलं. तितकंच करता येते." मग ते रडू लागले. आवाज न करता, खुर्चीचा हात धरून. सुनंदा उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दिवेलागणीच्या सुमारास समितीची चार माणसं आणि सरपंचबाई आल्या. माणसं वाईट नव्हती. ज्यांनी दरवर्षी वर्गणी काढून दगडाला हार घातला, त्यांना मी वाईट कसं म्हणू? त्यांची भीती खरी होती.

"काका, सुरुंग काढतानी गेला असं लिवलं तं लोक म्हनतीन अपघात झाला," त्यांतला एक म्हणाला. "मंग तो शहीद कसा? आपल्या पोराचा मान कमी होईन."

मी म्हणालो, जुनी ओळ माझी होती आणि ती खोटी होती. मग कचेरी, कारगिलचा मसुदा, खोडलेलं नाव, सगळं पुन्हा सांगितलं. सांगताना लाज वाटत होती, पण दुसऱ्यांदा सांगणं थोडं सोपं गेलं. शेवटी म्हणालो, लढाईत शत्रू समोर असतो, राग असतो, मागे सगळा देश ओरडत असतो. हा गेला तेव्हा कुणी ओरडत नव्हतं, आम्ही सगळे विसरलो होतो. एका अनोळखी शेतकऱ्याला बाजरी पेरता यावी म्हणून तो गेला. यात मान कमी कुठे आहे?

सरपंचबाई काकांकडे वळल्या. "काका, पोरगं तुमचं हाये. तुमी म्हना तसं."

मी कागद काढला आणि लिहिलं, 'शेतात उरलेला शेवटचा सुरुंग शोधताना'. काकांना वाचून दाखवलं.

"शेवटचा नोका लिवू," ते म्हणाले. "शेवटचा होता हे कोनाले मालूम?"

आयुष्यभर मी साहेबांकडून मसुदे दुरुस्त करून घेतले, पण अशी दुरुस्ती कुणी केली नव्हती. शेवटी ओळ काकांनीच सांगितली आणि मी फक्त लिहून घेतली. 'मोजणीत एक सुरुंग कमी आला. तो शोधताना गेला.' 'वीरमरण' घालू का, असं मी सवयीने विचारलं. ते म्हणाले, "गेला म्हना. गेला म्हटलं का समजते."

तेरा डिसेंबर: राजूर

वणीचा कारागीर सकाळीच मशीन घेऊन आला आणि दुपारपर्यंत ओळ कोरून झाली. कार्यक्रम चारला होता. बायामाणसं पांढऱ्या कपड्यांत आली, त्रिशरण आणि पंचशील झालं, खिरीचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. दगडापुढे मेणबत्त्या मांडल्या होत्या. काका दरवर्षी मिलिंदच्या मेणबत्तीबरोबर, संसदेवरच्या हल्ल्यात गेलेल्यांसाठीही मेणबत्त्या लावतात, पहारेकऱ्यांसाठी आणि त्या माळ्यासाठीसुद्धा. मिलिंदची तारीख वेगळी आहे, पण काका म्हणतात याचं मरण त्या दिवसापासूनच सुरू झालं.

तेवढ्यात चौकापलीकडे बस थांबली आणि लक्ष्मण उतरला. जुना कोट, पायात बूट, केस पाणी लावून बसवलेले. तो दगडापाशी आला आणि ओळ वाचली. दोनदा वाचली असावी. मग काकांपुढे जाऊन ताठ उभा राहिला. काकांनी हात पुढे करून त्याची मान धरली आणि जवळ ओढलं.

"इतके दिवस लावते काय रे?" ते म्हणाले.

मेणबत्त्या पेटवायला घेतल्या तेव्हा काका खुर्चीतून बोट फिरवत मोजत होते. मग म्हणाले, "एक कमी हाये."

सरपंचबाईंनी पुन्हा मोजल्या. "बरोबर हायेत ना काका, दरसालच्या इतक्याच."

"तिकडच्या बाजूनंही पेरले असतीन ना? त्याइचाही कोनी काढाले गेला असन. त्याचा बी बाप असन." त्यांनी दम घेतला. "एक द्या."

मागे कुणीतरी नाराजीने घसा साफ केला. एक गृहस्थ उठून बाजूला जाऊन उभे राहिले. मला त्यांचा राग आला नाही, कारण ते ज्या जागी उभे होते तिथे मी अनेक वर्षं उभा होतो. सरपंचबाईंनी पिशवीतून मेणबत्ती काढून काकांच्या हातात दिली. लक्ष्मणने काडी ओढली. बाजूला गेलेले गृहस्थ खिरीच्या वेळी परत आले आणि काकांच्या शेजारी बसून जेवले.

घरी

चौदा तारखेला दुपारी यवतमाळला पोचलो. तीन दिवसांत काय पाहिलं असं कुणी विचारलं तर यादी लहान आहे. साग, कोळसा, चुना, एक दगड. तुम्ही या बाजूला आलात तर मुकुटबन ते झरी हा रस्ता जरूर करा, तुरीच्या दिवसांत करा, आणि राजूरच्या चौकात दोन मिनिटं थांबा. दगड रस्त्यावरूनच दिसतो.

मला आयुष्यभर वाटायचं की हल्ला झाला की लढाई हेच उत्तर, आणि नाही झाली तर आपण कमी पडलो. आता वाटतं, आपल्याला दुःख झालं होतं आणि दुःखाचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून आपण लढाई मागितली. ती झाली नाही तरी मिलिंद गेला. ज्या झाल्या त्यांत किती गेले आणि कसे गेले, ते मी माझ्या फाइलीतल्या मसुद्यांत कधी लिहिलंच नाही.

संध्याकाळी सुनंदाने लक्ष्मणच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. आम्ही गॅलरीत बसून सोलत होतो तेव्हा आमच्या कॉलनीच्या मंडळाच्या सचिवाचा फोन आला. भला माणूस आहे, धावपळ करतो. म्हणाला, "काका, आपल्या भागातला एक जवान गेला. चौकात बोर्ड लावायचा आहे, प्रिंटिंगवाला थांबलाय. तुमच्याकडे तो जुना मजकूर असेल ना? नाव मी सांगतो."

"कसा गेला?" मी विचारलं.



"ते नाही विचारलं, काका."

"मग त्याच्या घरी जाऊन विचार," मी म्हणालो. "प्रिंटिंगवाल्याला मी थांबवतो."